सत्तावीस सारख्या वाट्या

विमानतळावर खरेदी करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. ज्याला एखाद्या देशात आठ दिवस हिंडूनही एक धड वस्तू सापडत नाही, तो विमान सुटायला चाळीस मिनिटं उरली की जागा होतो आणि जे दिसेल ते उचलतो. आमच्याकडचं उदाहरण म्हणजे देवव्रत लिमये. हा गृहस्थ इजिप्तला जाऊन आला आणि येताना त्यानं काय आणलं, तर काचेच्या पेटीतला पिरॅमिड. पेटीच्या बुडाला गेट नंबरसकट दुकानाचा पत्ता छापलेला. "देवव्रत, हा पिरॅमिड राजानं बांधलाय की विमानतळवाल्यांनी?" असं मी त्याच्याच घरी, त्याचीच चकली खात, वीस माणसांसमोर विचारलं होतं. माणसं हसली होती. मी ते अजून विसरलेलो नाही, आणि दुर्दैवानं देवव्रतही विसरलेला नाही.

म्हणून पुढची हकिगत मी अत्यंत नाइलाजानं सांगतो आहे.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहतो. दूध कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोड काढायचा मला पगार मिळतो. माझी बायको नीता हिच्या मते हेच काम मी घरीही करतो, फक्त तिथे ते कुणी मागितलेलं नसतं.

नीता दर वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू करते. इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते. थंडीत ऊब मिळावी म्हणून आपल्या पूर्वजांनी काळ्या साडीची सोय केली. ती साडी आमच्याकडच्या बायका इथे एकतीस डिग्रीत, नॉर्थवेस्टरचा गरम वारा सुटलेला असताना, निष्ठेनं नेसतात आणि घामानं निथळत एकमेकींना "गोड बोला" म्हणतात. गोड बोलणं तेवढ्या एका वाक्यापुरतंच. खरा कार्यक्रम वाणाचा. कुणी काय दिलं, कुठून आणलं असेल, काही विचार करून आणलंय की उरकलंय, याचा निकाल गाडीचं दार बंद व्हायच्या आत लागतो.

गेल्या वर्षी नीतानं झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे दिले होते. चांगले हवाबंद होते. मी स्वतः एक पाण्यात बुडवून तपासला होता. देवव्रतची बायको मृणालिनी आमच्या ड्राइव्हवेत उभी राहून, नीता मागेच दारात आहे हे न बघता, मंडळातल्या स्नेहलताला म्हणाली, "नीताचं वाण ना, टू डॉलर शॉपमध्ये जन्मतं आणि माझ्या गराजमध्ये मरतं." नीतानं ते ऐकलं. आत आली, उरलेले डबे एकात एक घातले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. अकरा वर्षं ती या देशात हळदीकुंकू करते आहे. पहाटे उठून तीळ भाजते, दारात रांगोळी काढते, ती वाऱ्यानं उडाली की पुन्हा काढते. मला त्या दिवशी मृणालिनीचा मनापासून राग आला आणि त्या भरात मी बोलून गेलो, "पुढच्या वर्षी असं वाण आणतो की त्या बाईची बोलती बंद झाली पाहिजे."

असली वाक्यं नवऱ्यानं बोलू नयेत. बायका ती लिहून ठेवत नाहीत, कारण त्यांना लिहून ठेवायची गरज पडत नाही.

या जानेवारीत कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी आठवडाभर जर्मनीला पाठवलं. परतीचं विमान मी मुद्दाम इस्तंबूलवरून घेतलं, मध्ये एकोणीस तासांचा थांबा ठेवून. बेत साधा होता. शहरात जायचं, जुन्या बाजाराच्या आतल्या गल्लीत शिरायचं, कारागिरासमोर मांडी ठोकून बसायचं आणि वाण घेऊन यायचं. विमानतळावर खरेदी करणाऱ्यांना दाखवून द्यायचं की खरेदी म्हणजे काय असते. नीतानं तर मी निघायच्या आधीच सत्तावीस बायकांना व्हॉट्सॲपवर कळवून टाकलं, "यंदाचं वाण थेट इस्तंबूलहून!"

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा ब्रूस कुंपणावरून म्हणाला, "मेट, गालिचा आण." सत्तावीस गालिचे. आमची सिद्धी सतरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "डॅड, जस्ट गिव्ह गिफ्ट कार्ड्स." सगळ्यात वजनदार सल्ला शकुमावशींचा. या नीताच्या मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, इथे मुलाकडे राहतात आणि गावातल्या यच्चयावत मराठी घरांचं धर्मखातं त्यांच्याकडे आहे.

"निळ्या डोळ्याचे मणी आणतो," मी म्हटलं, "तुर्कस्तानात फार प्रसिद्ध आहेत."

"बायकांना डोळे वाटणार?" मावशी म्हणाल्या, "हळदीकुंकू आहे की नेत्रशिबिर? हे बघा जावईबापू, वाण हातानं केलेलं असावं. यंत्रातून पडलेलं वाण नव्हे, तो नुसता माल. आणि सगळ्यांना अगदी सारखं हवं. हिला एक आणि तिला दुसरं झालं की झालीच भांडणं."

शेवटी हातानं रंगवलेल्या चिनीमातीच्या छोट्या वाट्यांवर एकमत झालं. हातानं रंगवलेल्या, आणि सगळ्या तंतोतंत सारख्या. वीस वर्षं क्वालिटीत काढूनही या दोन अटी एकत्र नांदू शकत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता व्हिसाचं. मी अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. तत्त्व म्हणून. ते तत्त्व नेमकं कोणतं हे मला विमानतळाबाहेर कधी आठवत नाही आणि विमानतळात शिरल्यावर त्याचा पश्चात्ताप होतो. तुर्कस्तानचा माझा व्हिसा माझ्या जर्मनीच्या व्हिसाच्या आधारावर मिळालेला होता, आणि जर्मनीचा व्हिसा मी तिथून परत निघालो त्या दिवशी संपत होता. विमान वेळेवर सुटलं असतं तर मी त्याच संध्याकाळी इस्तंबूलला उतरून बाहेर पडलो असतो. पण बर्फ पडला. विमान सकाळी पोचलं. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटा केला, सुलटा केला आणि आधार काल संपल्याचं सांगितलं.

"पण मी काल निघालो होतो," मी म्हटलं.

"पण आज पोचलात," तो म्हणाला.

या वाक्यात खोड काढता येईना. मी शेपूट घालून परत फिरलो. पुढचं विमान सुटेपर्यंत माझ्यापुढे होते आठ तास आणि एक विमानतळ.

नीताला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेखर, तिथे दुकानं असतील ना?"

"विमानतळावरची?"

"हो. आणि हे बघ, कुठून घेतलं ते कुणालाही कळता कामा नये. मेसेज सगळ्यांना गेलाय. त्या बाईसमोर मला पुन्हा तसं उभं राहायचं नाहीये."

एवढंच बोलली, पण मला तो ड्राइव्हवे आठवला. मी निघालो.

विमानतळावरच्या पारंपरिक हस्तकलेच्या दुकानात काय काय असतं ते सांगण्यासारखं नाही. पारंपरिक कीचेन, पारंपरिक मोबाइल कव्हर. एका मांजराच्या अंगावर पारंपरिक नक्षी होती आणि ते बॅटरीवर मान हलवत होतं. पण कोपऱ्यात एक मांडणी होती, तिच्यावर नीता म्हणत होती तशाच वाट्या: पांढऱ्या, आत निळं फूल, काठाला लाल वेल. त्यांच्यापाशी दुकानदार उभा होता, नाव जेलाल. मिशा पांढऱ्या, कोट काळा, चेहरा अशा माणसाचा की ज्याला विकायची घाई नाही.

"कुताह्या गावच्या आहेत," तो इंग्रजीत म्हणाला. "माझी बहीण रंगवते. एकासारखी दुसरी नाही. जगात प्रत्येक एकुलती एक."

"तेच तर नकोय," मी म्हटलं. "मला सत्तावीस एकसारख्या हव्यात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "एकसारख्या तिकडे," असं म्हणून त्यानं मान हलवणाऱ्या मांजरांकडे बोट केलं.

"नाही, हातानंच रंगवलेल्या. पण सारख्या."

"सर, तुमचा हात दोनदा सारखी सही करतो का?"

करतो. मी दिवसाला दोनशे सह्या करतो आणि त्या सारख्याच असतात, असं मी त्याला अभिमानानं सांगितलं. त्यावर मला चहा द्यायचा त्याचा विचार बदललेला दिसला.

मग मी कामाला लागलो. जेलालकडे गोदामातल्या धरून एकशे दहा वाट्या होत्या. त्या मी सगळ्या बाहेर काढायला लावल्या आणि दुकानाच्या फरशीवर माझा कोट अंथरून ओळीनं मांडल्या. माझ्या खिशात कॅलिपर असतो. पहिल्या फेरीत व्यास मोजून मोठ्या आणि लहान बाद केल्या. दुसऱ्या फेरीत पाकळ्या मोजल्या. सहा पाकळ्यांची फुलं ठेवली. पाच आणि सात पाकळ्यांची परत. जेलालच्या बहिणीला पाकळ्या मोजायची सवय नव्हती. तिसऱ्या फेरीत वेलीचा लाल रंग. मी गुडघ्यांवर, एक डोळा मिटून. प्रत्येक वाटी बाद केली की मी "रिजेक्ट" म्हणायचो, आणि जेलाल ती दोन्ही हातांनी उचलून, फडक्यानं पुसून मांडणीवर परत ठेवायचा. त्याच्या घराण्यातल्या कुणाला तरी मी शिव्या देतोय असा त्याचा चेहरा झाला होता, आणि खरं तर मी देतच होतो.

हळूहळू माणसं जमली. अत्तराच्या दुकानातल्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. एका वयस्क जपानी बाईंनी मला दुकानदार समजून किंमत विचारली. मी बाद केलेली एक वाटी त्यांनी उचलली, बराच वेळ बघितली आणि विकत घेतली. "ती वाकडी आहे," मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "हो." जगात माणसं काय काय विकत घेतात याला सुमार नाही.

साडेचार तासांनी माझ्यापुढे सत्तावीस वाट्या उरल्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या आईनं ओळखू नयेत इतक्या सारख्या. मी फोटो काढून नीताला पाठवला. तिचं उत्तर आलं, "अय्या! मशीनच्या वाटतात इतक्या सारख्या!" याहून मोठी शाबासकी मला कंपनीतही कधी मिळालेली नाही. मी फोन जेलालला दाखवून त्या वाक्याचं भाषांतर करून सांगितलं. त्यानं डोळे मिटले.

त्यानं वाट्या मात्र जीव लावून बांधल्या. खोक्यात पिवळं धमक गवत अंथरलं, प्रत्येक वाटी गवतात गुंडाळली, वर पुन्हा गवत. "बहीण अशीच बांधते," म्हणाला. "प्लॅस्टिकपेक्षा बरं." मला वाटलं, व्वा, काय पारंपरिक पॅकिंग आहे. बाहेरची काडीही आत येऊ न देणाऱ्या न्यूझीलंडमध्ये बारा वर्षं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात गवत बघून घंटा वाजायला हवी होती. वाजली ती सिंगापूरच्या पुढे, समुद्रावर.

ख्राइस्टचर्चला मी शनिवारी सकाळी साडेअकराला उतरलो. हळदीकुंकू तीनला. कस्टम्सच्या डिक्लेरेशन फॉर्ममध्ये मी नेहमीप्रमाणे सगळ्याला हो केलं होतं. गोडा मसाला आणि मेतकूट आणता आणता आम्हा लोकांना ती सवयच लागलेली आहे; विचारलं असतं तर मी बेकायदा हत्तीलाही हो म्हटलं असतं. सामान तपासायच्या लाल रांगेत एका उंच, हसऱ्या माओरी बाईंनी "किया ओरा" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करून खोकं उघडलं आणि गवत बघितल्यावर त्यांचं हसू विरून गेलं. त्यांनी हातमोजे घातले. चिमट्यानं गवताची काडी अन् काडी वेगळी केली. अर्ध्या तासानं त्यांनी चिमटा उजेडात धरला. टोकाला एक भुंगेरा होता.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. असा आनंद मी कंपनीत पगारवाढीच्या दिवशी बघितला आहे.

गवत गेलं. वाट्या आत कुठेतरी औषधात बुचकळून परत आल्या. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात बाईंनी त्या टेबलावर मांडल्या आणि मोजल्या. "सत्तावीस. सगळ्या सारख्या. तुमचं दुकान कुठे आहे?"

"दुकान नाही. भेट द्यायला आणल्यात. बायकोच्या मैत्रिणींना."

"सत्तावीस मैत्रिणी! नशीबवान आहे तुमची बायको."

"सगळ्याच मैत्रिणी नाहीत."

"मग भेट कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या मंडळात गेली अकरा वर्षं कुणाला देता आलेलं नाही. मी हळद, कुंकू, सूर्य, तीळ असं काहीबाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा सर, प्रवासी आठवण म्हणून वस्तू घेतात तेव्हा एक ही, एक ती, अशा घेतात. तुम्ही तर मोजून मापून एकच माल आणलाय. हा विक्रीचा माल दिसतो. त्याचा फॉर्म वेगळा, ऑफिस वेगळं, आणि ते सोमवारी उघडतं."

सोमवारी! माझ्या डोळ्यांसमोर काळ्या साड्यांतल्या सत्तावीस बायका, रिकाम्या हातांची नीता आणि मृणालिनी उभी राहिली.

"सारख्या नाहीयेत हो त्या!" मी ओरडलो. "हातानं केलेल्या आहेत! एकासारखी दुसरी नाही!"

"मला तर सारख्याच दिसतायत."

"तुम्ही नीट बघत नाही आहात!"

"मग दाखवा," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीत काय वेगळं आहे ते लिहून द्या. मी सुपरवायझरला दाखवते."

आणि मग मी, ज्यानं साडेचार तास गुडघे झिजवून त्या वाट्या सारख्या केल्या होत्या, तोच कॅलिपर काढून त्या वेगळ्या आहेत हे सिद्ध करायला बसलो. माझ्या बॅगेत कंपनीच्या लेबलांचा रोल असतोच. त्यावर छापलेलंच असतं: नग क्रमांक, डिफेक्ट, तपासणाऱ्याचं नाव. एकेक वाटी उचलायची, दोष शोधायचा, लेबल भरायचं, बुडाला चिकटवायचं. नग चार, दोन पाकळ्या चिकटल्या आहेत. नग नऊ, एक पान रंगवायचं राहिलं. नग एकोणीस, ब्रश हलला आहे. इस्तंबूलला जे दोष मी क्षमा करून पोटात घातले होते, ते सगळे मी इथे आनंदानं ओकलो. फक्त शेवटच्या, सत्ताविसाव्या वाटीत काही सापडेना. वीस मिनिटं बघितली. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही. लिहिलं: डिफेक्ट, काही नाही.

सुपरवायझर आला, त्यानं चार-पाच वाट्या उलट्या करून वाचल्या, माझ्याकडे करुणेनं बघितलं आणि मान डोलावली. बाईंनी प्रत्येक लेबलावर गोल शिक्का मारला. "स्वीट ॲज," म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत काम फत्ते. घड्याळात पावणेतीन झाले होते.

सिद्धी गाडी घेऊन आली होती. "डॅड, यू स्मेल लाइक अ बार्न," तिनं स्वागत केलं. मी मागच्या सीटवर बसून लेबलं सोलायला लागलो, आणि तेव्हा मला आठवलं की ही लेबलं आम्ही दुधाच्या टाक्यांवर लावतो. वाफ सोडा, ॲसिड ओता, ती निघत नाहीत. ती निघू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच भांडून ती मागवली होती. घर येईपर्यंत एका वाटीचा एक कोपरा सुटला आणि माझं एक नख तुटलं.

दारात रांगोळी होती, अर्धी उडालेली. आत बायका जमल्या होत्या. नीता धावत आली आणि तिनं खोकं माझ्या हातातून ओढून घेतलं.

"नीता, ऐक, त्या वाट्यांना खाली..."

"शेखर, एक शब्द बोलू नकोस. तुझ्या डोक्यात गवत आहे. आधी अंघोळ कर."

मी अंघोळीला गेलो. शॉवरखाली उभा राहून बाहेरची गडबड ऐकत होतो: हसणं, बांगड्या, "तिळगूळ घ्या." मग एकाएकी सगळं शांत झालं. सत्तावीस मराठी बायका एका खोलीत आणि शांत! मी तसाच ओल्या केसांनी कुडता चढवून बाहेर आलो.

स्नेहलताच्या हातात वाटी उलटी होती. ती लेबल वाचत होती. "नग चार. डिफेक्ट: दोन पाकळ्या चिकटल्या आहेत. तपासणार: एस. बापट." तिनं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. एस. बापट मीच.

"अगं, सेकंड्सचा माल असतो ना, फॅक्टरीतून काढून टाकलेला, तो असणार," मृणालिनी म्हणाली. आवाज गोड, संक्रांतीला शोभेल असा. "चालायचंच. एवढ्या लांबून आणायचं म्हणजे..."

नीताचा चेहरा पांढरा पडला. हातातलं ताट तिनं टेबलावर ठेवलं, कुंकवाची कोयरी कलंडली ती तिच्या लक्षातही आली नाही. मी दारात उभा होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. एका बाईची बोलती बंद करायची म्हणून मी निघालो होतो आणि माझ्याच सहीनं माझ्या बायकोची बोलती बंद करून बसलो होतो.

शकुमावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून आपली वाटी सुलटी केली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"काय लिहिलंय गं माझ्यावर?" त्यांनी सिद्धीला विचारलं.

"ब्रश हलला आहे," सिद्धीनं वाचलं, आणि चक्क मराठीत सांगितलं.

मावशींनी वेलीवरून बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं. "हो गं. इथे हललाय बघ. या बाईचा हात हलला." मग हळूच म्हणाल्या, "माझाही हलतो आताशा. रांगोळीची रेघ सरळ येत नाही." त्यांनी वाटी मांडीवर ठेवली. "यंत्राचा हात हलत नाही, मृणालिनी. हे हातानं केलेलं आहे. आणि त्याच्यावर सरकारचा शिक्का आहे. आमच्या वेळी बनारसीवरसुद्धा असा शिक्का नसे."

मग सगळ्यांनी आपापल्या वाट्या उलट्या केल्या. "माझ्या पानाचा देठच नाही!" "माझी कड एका बाजूला दबलीये, बघ, बघ ना!" "माझ्यावर दोन डिफेक्ट आहेत!" ज्या बायका वाण एकसारखं नाही म्हणून सहा-सहा महिने अबोला धरतात, त्या एकमेकींना आपापल्या खोडी दाखवत होत्या. हा प्रकार बघून माझं डोकं फिरायची वेळ आली. मृणालिनीनंही आपली वाटी उलटी केली. तिनं लेबल वाचलं आणि वाटी पटकन पर्समध्ये घालायला गेली, पण स्नेहलता शेजारीच होती.

"मृणालिनीताई, तुमचं काय? 'डिफेक्ट: काही नाही.'" स्नेहलता हळहळली. "अय्या, म्हणजे तुमची मशीनची आली की काय?"

"नसेल गं," दुसरी कुणीतरी म्हणाली. "बाजारात मिसळतात कधी कधी."

मृणालिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. काही वेळानं तिनं एवढंच विचारलं, "कुठल्या बाजारातून घेतल्या?"

नीतानं कलंडलेली कोयरी सरळ केली. "फार आत होतं म्हणे ते दुकान," ती शांतपणे म्हणाली. "पासपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नाहीत तिथे."

बायका भारावल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडंभर पाणी प्यायलो. माझी कुणी चौकशी केली नाही. साडेचार तास गुडघ्यांवर, एक तुटलेलं नख, आणि श्रेय गेलं जेलालच्या बहिणीच्या थरथरत्या ब्रशाला. जगाला क्वालिटीची किंमत नाही हे माझं जुनं मत त्या दिवशी पक्कं झालं.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. नीता पोळ्या लाटत होती, हात पिठाचे, म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मृणालिनी होती. आधी तिळगुळाच्या वड्यांची कृती विचारली. मग हवेबद्दल बोलली.

"नीता, अगं एक विचारू का? ती वाटी... बदलून मिळेल का गं? तुझ्याकडे एखादी उरली असेल तर. थोडी वाकडी असली तरी चालेल मला."

नीताचं लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. फोनकडे बघत राहिली, आणि गेल्या संक्रांतीपासून मी तिच्या चेहऱ्यावर न बघितलेलं हसू सावकाश पसरलं.

"अगं मृणालिनी," ती म्हणाली, "वाण परत घेत नाहीत गं."

आणि तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.